शेतीसंरक्षणाची बंदूक : परवान्यात काय बसते, काय बसत नाही

भात पोटरीतून बाहेर पडले, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरांच्या फेऱ्या सुरू होतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या कडेच्या तालुक्यांत डुकरे, गवे व माकडे, तर विदर्भ-मराठवाड्यात डुकरे व रोही यांच्यापासून पिकाला होणारा त्रास शेतकऱ्यांना नवीन नाही. डुकरांचा कळप पीक खातो त्याहून जास्त तुडवतो व उकरतो. रात्र रात्र राखण करून, डबे वाजवून, बुजगावणी उभारून शेतकरी थकतो आणि मग शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागतो.

परवाना हाती पडला की बहुतेकांची समजूत अशी होते की, आता आपल्या शेतात आलेले जनावर मारायला आपण मोकळे आहोत. अनेक शेतकरी अडचणीत येतात ते याच समजुतीमुळे. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी दिलेला परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. त्या बंदुकीने कोणते जनावर मारता येईल, हे दुसरा कायदा ठरवतो आणि ती परवानगी दुसऱ्या कार्यालयातून मिळते. हे दोन कागद वेगवेगळे आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर या विषयातील निम्मा गोंधळ कमी होतो.

कायदा देशाचा, ऐकीव गोष्टी राज्याराज्यांच्या

बंदुकीसंबंधीचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. पोलिस ठाण्यात त्यालाच हत्यार कायदा म्हणतात. त्याखालील जुने नियम १९६२ चे होते. त्यांच्या जागी २०१६ मध्ये नवीन नियम आले. हा कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक सर्वत्र तोच लागू आहे. तरीही बाजारात, एस. टी. स्टँडवर वेगवेगळ्या गोष्टी कानावर येतात. कोणी सांगतो, कर्नाटकात बंदुकीला परवाना लागत नाही. कोणी म्हणतो, केरळात सरपंचच डुक्कर मारायला सांगतो. कोणी बिहारमध्ये रोही मारल्याची बातमी दाखवतो. यांपैकी प्रत्येक गोष्टीत थोडे तथ्य आहे; मात्र त्यातले काहीही आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही.

कर्नाटकातील सवलत फक्त कोडगू जिल्ह्याशी निगडित आहे. कोडव समाजातील व्यक्तींना आणि जम्मा पद्धतीने जमीन धारण करणाऱ्यांना काही प्रकारच्या बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे. ही सूट जुन्या काळापासून चालत आलेली असून, २०१९ च्या अधिसूचनेने ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. बेळगाव किंवा कारवारच्या शेतकऱ्यालाही तिचा उपयोग नाही, मग आपल्याला कोठून असणार? केरळ सरकारने २०२२ मध्ये ग्रामपंचायत व नगरपालिकांच्या प्रमुखांना, शेतीची नासाडी करणारी रानडुकरे मारण्यास परवानगी देण्याचे अधिकार दिले, हे खरे आहे. पण तेथेही गोळी घालणारा माणूस परवानाधारकच लागतो. विष, स्फोटके आणि विजेचा प्रवाह वापरण्यास तेथे मनाई आहे. बिहारचे प्रकरण वेगळेच असून ते पुढे येईल.

परवाना कोणत्या बंदुकीचा

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याच्या उपयोगाची एक तरतूद आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो देण्यात यावा असे हे कलम सांगते. ठासणीची बंदूक अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, नळीच्या आतून गुळगुळीत असलेली, किमान २० इंच लांब नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपल्याकडची बारा बोरची एकनळी किंवा दुनळी, पीकसंरक्षणासाठी देता येते. म्हणून अर्जात आपले क्षेत्र, पीक, जंगलापासूनचे अंतर आणि ठासणीची बंदूक का पुरत नाही हे स्पष्ट लिहावे. एकट्या माणसाला रात्री कळपासमोर दुसरा बार भरण्यास वेळ मिळत नाही, हे कारण खरे असल्यास तसेच लिहावे. पीकसंरक्षणाच्या नावाखाली पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणारे काही अर्ज असतात. अशा मागणीने अर्जदाराच्या हेतूविषयीच शंका येते.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. सातबारा व आठ-अ उतारा, ओळखीचा व राहण्याचा पुरावा, प्रकृती व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याविषयीचे हमीपत्र, अशी कागदपत्रे २०१६ च्या नियमांप्रमाणे जोडावी लागतात. पोलिस ठाण्याचा अहवाल घेऊन परवाना अधिकारी निर्णय देतो. जमीन किंवा मालमत्ता कमी आहे, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. दोन एकरांच्या शेतकऱ्याने याबाबतीत संकोच बाळगण्याचे कारण नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल झाले. पूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच ठेवता येतात. आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. याच दुरुस्तीने शिक्षाही वाढल्या. विनापरवाना बंदूक बाळगल्यास आता कमीत कमी २ वर्षांची आणि जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद आहे. नूतनीकरण करायचे राहून गेलेली बंदूक घरात असणे हे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना बंदूक असण्यासारखेच आहे. मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

परवाना मिळाल्यावर तो कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा नीट वाचावा. इंग्रजीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावा. बंदुकीचा प्रकार व क्रमांक, काडतुसांची संख्या, परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, मुदत आणि राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदवहीतील स्वतंत्र ओळख क्रमांक या पाच गोष्टी पाहाव्यात. जुन्या, वडिलोपार्जित परवान्यांवर हा ओळख क्रमांक नसेल, तर तो परवाना आता ग्राह्य धरला जात नाही. क्षेत्राची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. दोडामार्ग किंवा सावंतवाडी तालुक्यातील काही जणांची शेती हद्दीपलीकडे गोव्यातही असते. महाराष्ट्रापुरत्या परवान्यावर बंदूक घेऊन हद्द ओलांडणे हा गुन्हा होतो, मग पलीकडची जमीन स्वतःच्या नावावर का असेना. अशा शेतकऱ्यांनी परवान्याचे क्षेत्र वाढवून घेण्यासाठी आधी अर्ज करावा.

बंदूक घराची नसते, माणसाची असते

आपल्याकडे नांगर, पंप, फवारणी यंत्र ही सगळ्या घराची असतात. शेजाऱ्याने मागितली तर देतोही. बंदुकीचे तसे नाही. परवाना ज्याच्या नावावर त्यानेच ती वापरावयाची. वडिलांच्या नावावरची बंदूक घेऊन मुलगा एकटा रात्री राखणीला गेला, तर दोघेही दोषी ठरतात. परवानाधारकासमक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी वा नूतनीकरणासाठी दुसऱ्या माणसाने बंदूक नेण्यास कायद्यात मुभा आहे. पण ती चालवण्यास नाही. राखणीचे काम प्रत्यक्षात मुलगाच करणार असेल, तर परवाना त्याच्या नावाने मागणे हाच सरळ मार्ग आहे.

दुरुस्तीच्या बाबतीतही असेच आहे. चाप बिघडला, घोडा बसेना, की गावच्या लोहाराकडे जाण्याची जुनी सवय आहे. लोहार कसबी असला तरी बंदूक दुरुस्त करण्यासही परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्ती हा गावठी बंदूक बनवण्याच्याच कलमाखाली येणारा गुन्हा असून त्याची किमान शिक्षा ७ वर्षे आहे. नळी कापून आखूड करणे हाही गंभीर गुन्हा आहे. बिघडलेली बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडेच न्यावी, भाडे पडले तरी चालेल.

लग्नात, वरातीत किंवा पोळ्याच्या मिरवणुकीत हवेत बार काढण्याला २०१९ पासून स्वतंत्र शिक्षा आहे : २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जनावर मारण्याची परवानगी

आता मुख्य विषयाकडे येऊ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अनुसूचीतील वन्यप्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. जंगलात ती करता येत नाही, तशीच स्वतःच्या सातबाऱ्यावरील शेतातही करता येत नाही. या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने जुन्या सहा अनुसूचींच्या चार केल्या. त्यामुळे जुन्या पुस्तिकांतील किंवा जुन्या अर्जांतील अनुसूचींचे क्रमांक आज उपयोगाचे नाहीत. प्राण्यांसाठी आता मुख्यतः पहिली व दुसरी अशा दोनच अनुसूची पाहाव्या लागतात.

पहिल्या अनुसूचीत बिबट्या, वाघ, हत्ती, गवा, काळवीट, मोर हे आहेत. यांतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी असेल, तरच आणि तोही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानेच त्याला मारता येते. पीक खाल्ले हे कारण या प्राण्यांच्या बाबतीत कायदा मानतच नाही. गव्याने ऊस तुडवला, मोरांनी पेरलेले दाणे टिपले, तरी बंदुकीचा विचार मनात आणू नये. तेथे नुकसानभरपाईचा अर्ज करणे हाच मार्ग आहे.

दुसऱ्या अनुसूचीत रानडुक्कर व रोही येतात. यांच्याबाबत कायदा थोडा मोकळा आहे. प्राणी माणसाच्या जिवास किंवा मालमत्तेस धोकादायक झाला असेल, आणि या मालमत्तेत शेतातील उभी पिके स्पष्ट शब्दांत धरलेली आहेत, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. हे कलम ११ होय. शेतकऱ्याने आपला अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावा. अर्जात गट क्रमांक, पीक, नुकसानीच्या तारखा, साधारण किती जनावरे येतात आणि कोणत्या वाटेने येतात हे लिहावे. नुकसानीची छायाचित्रे व पंचनाम्याची प्रत जोडावी. बंदुकीच्या परवान्याची प्रतही जोडावी. गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी एकत्र अर्ज दिला तर नुकसानीचे चित्र अधिक स्पष्ट होते, असे आमचे मत आहे.

आदेश मिळाला की तो कोणत्या प्राण्यासाठी, कोणत्या गटांपुरता, किती दिवसांसाठी आणि कोणी गोळी घालावी याविषयी आहे ते बारकाईने पाहावे. रोह्याच्या परवानगीत डुक्कर मारता येत नाही. ‘मारा हो, मी बघून घेतो’ असे वनरक्षकाने तोंडी सांगितले तरी ती परवानगी नव्हे. उद्या प्रकरण उभे राहिले तर ते शब्द कोणालाच आठवत नाहीत.

काही राज्यांत प्राण्यांना ‘उपद्रवी’ जाहीर केल्याच्या बातम्या येतात. हा अधिकार कलम ६२ खाली केंद्र सरकारचा आहे, आणि घोषणा ठरावीक क्षेत्रापुरती व ठरावीक मुदतीपुरतीच असते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमधील काही जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर, तर २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत अशा घोषणा झाल्या. बिहारची घोषणा एक वर्षासाठी होती. एकेकाळी कायद्यात उपद्रवी प्राण्यांची कायम यादी होती. तीत उंदीर, कावळा, फळे खाणारी वटवाघळे असत. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच निघाली. तेव्हा कोणी जुने कात्रण दाखवून ‘सरकारने सूट दिली आहे’ असे सांगितल्यास त्यावर क्षेत्र कोणते व मुदत किती हे विचारावे.

परवानगीने मारलेले डुक्कर शेतकऱ्याचे होत नाही, ते शासनाच्या मालकीचे असते. ४८ तासांच्या आत त्याची खबर जवळच्या पोलिस ठाण्यास किंवा वन अधिकाऱ्यास द्यावी लागते. व्यवहारात ती त्याच रात्री किंवा सकाळी द्यावी. मांस वाटून घेणे, विकणे, सुळे ठेवणे हे सर्व गुन्हे आहेत. परवानगी हाती असूनही केवळ मांसाच्या वाटणीमुळे फसलेल्यांची गोष्ट गावोगाव ऐकू येते. या कायद्याखाली सर्वसाधारण गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत ३ ते ७ वर्षे कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड आहे. शिवाय न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पुढील ५ वर्षे नवा परवाना मिळू नये असा आदेश देऊ शकते.

जनावर अंगावर आल्यास काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने वन्यप्राणी मारला वा जखमी केला तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी आपण स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करीत असू, उदाहरणार्थ विनापरवानगी शिकारीला निघालो असू, तर हे संरक्षण मिळत नाही. मेलेले जनावर याही वेळी शासनाचेच.

रात्री गोळी झाडताना जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय चापाला बोट लावू नये. झाडी हलली, आवाज आला म्हणून झाडलेल्या गोळीने माणसे मेलेली आहेत, आणि ती बहुधा शेजारच्या शेतातील राखणदारच असतात. आपण कोणत्या बांधावर बसणार हे शेजाऱ्यांना संध्याकाळीच सांगावे. जखमी डुक्कर झाडीत शिरले तर त्याच्यामागे अंधारात जाऊ नये.

ज्यांच्याकडे बंदूक नाही ते कधी कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडतात, कधी गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. दोन्ही बेकायदेशीर आहेत, आणि तारेला चिकटून माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. सौर कुंपणात अगदी थोड्या वेळाचे झटके येतात, सलग प्रवाह नसतो. हा फरक ध्यानात घ्यावा.

अभयारण्याजवळची गावे

राधानगरी, कोयना, फणसाड, ताडोबा, मेळघाट अशा संरक्षित क्षेत्रांभोवतीच्या गावांना आणखी एक नियम लागतो. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची वनखात्याकडे नोंदणी करावयाची असते. या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात आपला अर्ज का अडला आहे हे कळत नसेल, तर पुष्कळदा कारण हेच असते. चौकशी वनखात्यात करावी. अभयारण्यातील वाटेने शेतावर जावे लागत असले तरी परवानगीशिवाय बंदूक घेऊन आत शिरता येत नाही.

निवडणुकीच्या काळात

निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात आणि २०२४ ची नोव्हेंबरात झाली, म्हणजे कोकणात ऐन भातकापणीच्या व त्यानंतरच्या दिवसांत. ज्या दिवसांसाठी बंदूक घेतली त्याच दिवसांत ती ठाण्यात, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. प्रत्येक परवानाधारकाची बंदूक सरसकट जमा करून घ्यावी असे कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर जिल्हास्तरीय छाननी समितीने कोणाची शस्त्रे जमा करावयाची याचा विचार करणे अपेक्षित आहे. ज्यांच्यावर गुन्हे नाहीत व ज्यांचे पीक उभे आहे त्यांनी या समितीकडे सूट मागणारा अर्ज वेळीच द्यावा. सूट नाकारली तर मात्र आदेश पाळावा आणि बंदूक जमा करावी.

छऱ्याची बंदूक

डाळिंब, पेरूच्या बागेत पोपटांसाठी छऱ्याची बंदूक अनेक जण वापरतात. ०.१७७ इंच बोरची, २० जूलपर्यंत जोराची हवेची बंदूक बाळगण्यास परवाना लागत नाही. पण पोपट मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे, मग तो छऱ्याने मारा की गोफणीने. बागेसाठी जाळी लावणे खर्चिक वाटले तरी तोच उपाय टिकतो.

सांभाळ, हरवणे व वारस

बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे, तसेच ठासणीच्या बंदुकीची दारू व केपा दुसऱ्या कुलपात, चुलीपासून व ओलीपासून दूर ठेवाव्यात. शेतावर नेताना ती झाकून व न भरता न्यावी. चोरी झाली किंवा हरवली तर त्याच दिवशी पोलिस ठाण्यात खबर द्यावी.

परवानाधारक वारल्यास बंदूक आपोआप मुलाची होत नाही. दहावे-बारावे झाले की घरच्यांनी ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि नंतर वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. परवानाधारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले असेल किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर तो वारसाचे नाव सुचवू शकतो. अर्ज मंजूर होईपर्यंत बंदूक जमाच ठेवावी, आणि जमा केल्याच्या पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहिलेला आहे ना, हे ठाण्यातून निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.